मेरिनोचा एडका आणावा का? येवल्याच्या भावाला सविस्तर उत्तर

येवल्याच्या एका तरुण भावाने विचारलंय: घरची साठ दख्खनी मेंढरं आहेत, काळ्या लोकरीला कुणी विचारत नाही. मऊ लोकरीच्या ऑस्ट्रेलियन मेरिनो जातीचा एडका, म्हणजे नर मेंढा, आणून संकर केला तर चार वर्षांत मऊ लोकरीचा कळप उभा राहील का?

भाऊ, आधी सरळ सांगतो. एडका आणू नका. मेरिनोवाल्यांनी कळप ज्या रीतीने घडवला ती रीत मात्र जरूर उचला आणि घरच्या दख्खनीवर लावा. माझं उभं आयुष्य सिन्नर-नांदगावच्या माळावर मेंढरांत गेलंय, म्हणून एवढं ठासून लिहितोय.

मेरिनोची लोकर मऊ असते ती कातडीमुळे. मेंढीच्या कातडीत केसांची मुळं दोन प्रकारची असतात. मोठी मुळं कोकरू आईच्या पोटात असतानाच आधी तयार होतात, मग त्यांच्याभोवती बारीक मुळं येतात. जाड लोकरीच्या जातींत एका मोठ्या मुळाभोवती चार-पाच बारीक मुळं, मेरिनोत वीस आणि त्याहून जास्त. एवढी दाटी असली की तंतू बारीकच निघतो, साधारण १७ ते २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपल्या दख्खनीचा ४० च्या वर जातो. उत्तरेतल्या एका फार्मवर मी मेरिनोची लोकर पहिल्यांदा उघडून पाहिली. शेवटच्या बरगडीपाशी दोन्ही तळहातांनी भांग पाडला. वरून धुळीने राखाडी दिसणारं ते जनावर आतून सायीच्या रंगाचं, तेलकट, आणि एकेका बटेला पाण्यावरच्या तरंगांसारख्या बारीक लाटा. बोटं कितीतरी वेळ चिकट राहिली. हाच भांग तुमच्या मेंढीला पाडून बघा. मधेमधे जे राठ, ताठ केस लागतील ते आतून पोकळ असतात आणि त्यांवर रंग नीट चढत नाही.

आता ही दाट, तेलकट लोकर आपल्या पावसाळ्यात घाला. ओळखीच्या एका मेंढपाळाने अर्ध्या रक्ताचा मेरिनो एडका आणला होता. आषाढाच्या झडीत त्याची लोकर आठ-आठ दिवस वाळायची नाही. शेपटीखाली अळ्या पडल्या, खूर सडले, पोळ्यापर्यंत एडका गेला. त्यात निळ्या जिभेचा रोग. भारतात तो पहिल्यांदा नोंदला गेला तोच आपल्या महाराष्ट्रात, १९६४ मध्ये. तो चिलटांमुळे पसरतो आणि परदेशी रक्ताच्या मेंढीला जास्त पाडतो. उत्तराखंडने २०१९ मध्ये २४० मेरिनो आणली, पण ती टिहरीच्या थंड डोंगरात. राजस्थानातल्या अविकानगरच्या मेंढी संशोधन संस्थेने राजस्थानी मेंढ्यांवर रॅम्बुये आणि रशियन मेरिनो या परदेशी मऊ लोकरीच्या जाती लावून भारत मेरिनो तयार केली, तिच्यात ७५ टक्के रक्त परदेशी आहे. आज ती कोडाईकनालजवळ मन्नवनूरच्या थंडाव्यात जोपासतात, ते उगाच नाही.

हिशोबही बघा. मेंढी पाच महिने गाभण राहते, तिची कोकरी दीड वर्षाची झाल्यावर फळते. म्हणजे पाऊण रक्ताची, तीन हिस्से मेरिनो असलेली पहिली कोकरं जमिनीवर पडेपर्यंतच तुमच्या चारांतली जवळपास अडीच वर्षं संपली. हातात येणारी मधलीअधली लोकर घोंगडीवाल्याला नको आणि गिरणीला पुरेल एवढी नाही. चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेल्या घोंगडीला जाड दख्खनी लोकरच लागते. लोकरीच्या पैशात कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही, हे दुःख मलाही आहे. पण ते संकराने मिटत नाही.

मग मेरिनोवाल्यांकडून घ्यायचं काय? वही. तिकडे एडका निवडतात तो नोंदी पाहून. तंतूची जाडी बापाकडून पोरांत चांगली उतरते, म्हणून लोकर लवकर सुधारते. वजनही बऱ्यापैकी उतरतं. जुळ्यांचा गुण साध्या निवडीने फार हळू येतो. तुमचं उत्पन्न कोकरांवर आहे, तेव्हा प्रत्येक कोकराच्या कानात बिल्ला मारा, आई कोण ते लिहा, तीन महिन्यांचं आणि सहा महिन्यांचं वजन काट्यावर घ्या. वजन बघताना एकटं की जुळं तेही बघा, नाहीतर एकट्या पोसलेल्या कोकरालाच दरवेळी पहिला नंबर जाईल. साठ मेंढ्यांना दोन एडके पुरतात. दोन वर्षांनी ते बदला, बापलेकीचा संबंध येऊ देऊ नका.

एकाच गुणामागे धावू नका. १८८० च्या दशकात ऑस्ट्रेलियाने जास्त लोकरीच्या हव्यासाने अमेरिकेतल्या व्हरमाँटचे सुरकुत्यांचे मेरिनो आणले. सुरकुत्यांच्या घड्यांत माशांनी अंडी घातली आणि ते दुखणं त्यांना पुढे कित्येक पिढ्या निस्तरावं लागलं. आपल्याकडे नुसतं उंच, लांब कानाचं बघून एडका घेणारे हीच चूक करतात. तो पाय, खूर, दात आणि अंडकोष बघूनच घ्या.

जुळी हवीच असतील तर एक वाट आहे. बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक फार पूर्वी ऑस्ट्रेलियात पोचला आणि तिथल्या बुरूला मेरिनोत प्रसिद्ध झाला. तोच जनुक फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोळवरून दख्खनीत आणला, त्या मेंढीला नारी सुवर्णा म्हणतात. पण वाड्याबरोबर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळाबरोबर, कोकणात उतरणार असाल तर हा नाद नको, दोन कोकरं घेऊन घाट उतरणाऱ्या आईच्या सडात दूध राहत नाही. बांधून, चारा घालून पाळणार असाल तरच विचार करा.

यंदा एवढं करा. एडका सोडायच्या आधी तीन आठवडे प्रत्येक मेंढीला रोज पाव किलो मका भरडून द्या. आषाढात लागलेल्या मेंढ्या मार्गशीर्षात विणतील. पहिल्या कोकराला बिल्ला माराल त्या दिवशी वहीचं पहिलं पान भरा, आणि सहा महिन्यांची वजनं आली की इथे टाका. कुठला नर ठेवायचा ते आपण मिळून बघू.