डिकी उघडण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर रडत होतीस आणि मी नुसतं "होईल सगळं नीट" म्हणत राहिले. त्या वेळी बोलायचं राहून गेलं ते आज लिहिते आहे. गाडी वेगात चालवल्याचं दंडाचं तिकीट ही किरकोळ बाब आहे, ती निस्तरता येईल. मला लागून राहिली ती पुढची गोष्ट. पोलिसाने "डिकीत बघितलं तर चालेल का?" असं विचारलं आणि तू "हो, बघा ना" म्हणत स्वतः उतरून डिकी उघडून दिलीस. आत आईने पाठवलेल्या भाजणीच्या आणि मेतकुटाच्या पिशव्या. त्याने त्या फोडून हुंगून पाहिल्या, तोवर तू अंधारात रस्त्याच्या कडेला थरथरत उभी. मग त्याने जाऊ दिलं. "मावशी, माझं काय चुकलं?" असं तू मला विचारलंस.

पोलिसाने विचारलं होतं, हुकूम दिला नव्हता, हे तुझ्या ध्यानात आलं नाही, एवढंच. अमेरिकेच्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती सांगते की सरकारने वाजवी कारणाशिवाय कुणाची झडती घेऊ नये. गाडीच्या बाबतीत वॉरंट लागतंच असं नाही, पण गुन्ह्याची वस्तू आत आहे असं मानायला ठोस कारण लागतं. असं कारण हाताशी नसलं की पोलिसाला बहुतेक वेळा एकच वाट उरते, ती म्हणजे तुझी संमती. आणि सुप्रीम कोर्टाने 1973 मध्येच ठरवून टाकलं आहे की "तुम्ही नाही म्हणू शकता" हे पोलिसाने सांगितलंच पाहिजे असं बंधन नाही. ते आपल्याला ठाऊक असावं लागतं.

आपल्या घरांत वर्दीतल्या माणसाला नाही म्हणायला कुणी शिकवत नाही. उलट "आपल्यापाशी लपवण्यासारखं काय आहे, दाखवून मोकळं व्हावं" असंच आपण ऐकत आलो. तो आपला सरळपणा आहे आणि मला तो प्रिय आहे. पण इथला कायदा त्या सरळपणाला संमती समजतो. पुढच्या वेळी शांतपणे, हात स्टिअरिंगवर ठेवून म्हण: "ऑफिसर, आय डू नॉट कन्सेंट टु अ सर्च." एवढं एक वाक्य पुरे. तरीही त्याने झडती घेतली तर अडवू नकोस, हात लावू नकोस, आवाज चढवू नकोस. तू नाही म्हणालीस ही गोष्ट पुढे कोर्टात कामाला येते. रस्त्यावर वाद जिंकून काही मिळत नाही.

तुला ठाऊक आहे, मी इतकी वर्षं न्यू जर्सीच्या कोर्टांत मराठी आणि हिंदीची दुभाषी म्हणून उभी राहते. शपथेप्रमाणे मला पदरचा एक शब्द घालता येत नाही, सल्ला तर मुळीच देता येत नाही. शेजारी आपल्यातलाच एखादा घाबरलेला मुलगा बसलेला असतो. त्याने काय म्हणायला हवं ते मला दिसत असतं, आणि तो म्हणतो तेवढंच मी इंग्रजीत सांगते. घरी आल्यावर जेवण जात नाही. तुझ्याशी बोलायला मात्र मला कुठली शपथ आड येत नाही.

या नोकरीत मला कळलं ते असं की इथले बरेच हक्क तोंडाने मागावे लागतात. गप्प राहण्याचा हक्कच बघ. पाचवी दुरुस्ती म्हणते की कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. वाटेल की गप्प बसलं म्हणजे झालं. पण मिशिगनमधला एक आरोपी जवळजवळ तीन तास बहुतेक गप्प राहिला आणि शेवटी एका प्रश्नाला "हो" म्हणाला. 2010 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, मी हा हक्क वापरतो आहे असं त्याने सांगितलं नव्हतं, तेव्हा तो "हो" त्याच्याविरुद्ध चालेल. 2013 च्या खटल्यातला माणूस तर तुझ्या टेक्सासचाच. तो आपणहून पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरं देत होता, नेमक्या अडचणीच्या प्रश्नाला गप्प झाला आणि ते गप्प होणंच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं गेलं.

वकिलाचंही तसंच. 1994 च्या एका खटल्यात नौदलातला एक जण चौकशीत म्हणाला होता, "मेबी आय शुड टॉक टु अ लॉयर." कोर्टाने ठरवलं, हे स्पष्ट मागणं नव्हे. मी हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण आपण मराठी माणसं असंच बोलतो. "वकील असता तर बरं झालं असतं." "वकिलाला विचारावं का?" आपल्या भाषेत हीच अदब आहे. मला मात्र तो "का" इंग्रजीत जसाच्या तसा नेऊन ठेवावा लागतो, आणि मागणी तिथे शंका होऊन पोहोचते. म्हणून "आय वॉन्ट अ लॉयर" हे तीन-चार शब्द "मेबी" न लावता म्हणायचे आणि मग खरंच थांबायचं. खोटं मात्र कधी बोलू नकोस. गप्प राहणं हा हक्क आहे. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, अधिकाऱ्याशी जाणूनबुजून खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

सिनेमात दाखवतात तशी मिरांडाची ताकीद, म्हणजे "गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क तुम्हाला आहे" असं पोलिसाने सांगणं, रस्त्यावरच्या साध्या तिकिटासाठी देत नाहीत. 1966 चा तो निकाल ताब्यात घेऊन चौकशी करण्यापुरता आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न: "पण मावशी, मी कुठे इथली नागरिक आहे?" हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येतो. राज्यघटनेतला शब्द नीट बघ. पाचव्या आणि चौदाव्या दुरुस्तीत, कायद्याच्या रीतसर प्रक्रियेशिवाय जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता हिरावून घेता येणार नाही असं जिथे म्हटलं आहे, तिथे शब्द "पर्सन" आहे, नागरिक नव्हे. 1886 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी धोब्यांनी हे सिद्ध करून घेतलं. लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवाना हवा असा नियम होता. सुमारे दोनशे चिनी धोब्यांनी अर्ज केले आणि ते नाकारले गेले, इतरांना जवळपास सर्रास परवाने मिळाले. त्या माणसांना तेव्हा नागरिक होण्याचीही सोय नव्हती. तरी सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्या संविधानातही अनुच्छेद 14 आणि 21 "व्यक्ती" म्हणतात आणि 19 "नागरिक" म्हणतो, हे तू शाळेत वाचलं असशील.

नागरिकांचं म्हणून जे राखून ठेवलं आहे, मत देणं आणि ज्युरीत बसणं, त्याला मात्र चुकूनही हात लावू नकोस. लायसन्सच्या फॉर्मवर "तुम्ही नागरिक आहात का, मतदार नोंदणी हवी का" असे चौकोन असतात. घाईत चुकीची खूण केली तर आयुष्यभर ग्रीन कार्डची वाट बंद होऊ शकते. ज्युरीचं पत्र चुकून आलं तर फेकू नकोस, "नागरिक नाही" असं कळवून परत पाठव. आणि विमानतळावर, सीमेवर, सामान तपासायला वॉरंट लागत नाही. तिथे डिकीचं हे वाक्य चालणार नाही.

इथे एका माणसावर दोन सरकारांचे कायदे असतात, राज्याचा आणि फेडरल. राज्याची घटना कधी जास्त उदार असते: आमच्या न्यू जर्सीत 2002 पासून, थांबवलेल्या गाडीची झडती मागायलासुद्धा पोलिसाकडे संशयाला काही वाजवी कारण असावं लागतं. टेक्सासमध्ये तसं नाही. उलटही होतं. एखाद्या राज्यात गांजा दुकानात मिळतो, पण फेडरल कायद्यात तो गुन्हाच आहे, आणि तुझा व्हिसा फेडरल आहे. मैत्रिणींबरोबर कोलोरॅडोला गेलीस तरी हे विसरू नकोस.

याच दुहेरीपणात मुलं अडकतात. दुकानातल्या किरकोळ चोरीचा आरोप येतो, मुलाला परीक्षा असते, लाज वाटत असते, आणि "कबूल करून संपवतो" म्हणतो. टेक्सासमध्ये "डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन" म्हणून निकाल लांबणीवर टाकण्याची सोय आहे. अटी पाळल्या की राज्याच्या लेखी शिक्षा झालेली नसते. इमिग्रेशन कायदा मात्र ती कबुली दोषसिद्धीच मानतो. 2010 च्या एका निकालाने फौजदारी वकिलावर हे अशिलाला सांगायची जबाबदारी टाकली आहे, तरी पहिलं वाक्य तूच म्हण: "मी एफ-1 वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आहे." गंभीर गुन्ह्यात पैसे नसले तर सरकार वकील देतं. 1963 मध्ये फ्लोरिडाच्या तुरुंगातून गिडियन नावाच्या माणसाने पेन्सिलीने लिहिलेल्या अर्जाने हा हक्क सगळ्यांना मिळाला. इमिग्रेशन कोर्टात तो मिळत नाही. ते न्याय खात्याच्या अखत्यारीतलं कोर्ट आहे, तिथला वकील स्वतःच्या खर्चाने आणावा लागतो.

2025 च्या एप्रिलमध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिसमधल्या, म्हणजे सरकारच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या यादीतल्या, नोंदी अचानक बंद झाल्या, त्यांत आपलीही मुलं होती. बरेच जण फेडरल कोर्टात गेले, एकामागून एक न्यायाधीशांनी स्थगिती दिली आणि महिनाअखेरीस सरकारने नोंदी पुन्हा चालू करतो असं सांगितलं. ती मुलंही नागरिक नव्हती.

आता तिकिटाचं. त्याच्यावर हजर राहण्याची तारीख छापलेली आहे, ती चुकवू नकोस. चुकली तर साध्या तिकिटाचं वॉरंट होतं. त्या तारखेच्या आत कोर्टाला कळवून डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स करू देतील का ते विचार, म्हणजे तिकीट रद्द होऊ शकेल. विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी मोफत वकील आहे का ते सोमवारीच बघ, आणि तिकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मला पाठव. भाजणीच्या फोडलेल्या पिशव्या डब्यात काढून ठेव, नाहीतर त्या दमट हवेत कीड लागेल.

तुझी,
मावशी