पोरगी भंगारात चालली नाही ओ ताई

ताई नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही विड्या वळता, मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत, पोरीला दहावीला 81 टक्के पडलेत आणि ती म्हणतीय प्लास्टिक रिसायकलिंगचंच शिकणार. शाळेच्या प्रोजेक्टला तिनं बाटल्यांची झाकणं वितळवून पाट केला, तो आठ दिवसांत तडकला, गल्लीतले हसले आणि वर म्हणाले एवढं शिकून भंगारच गोळा करायचं काय. त्यावरून तुम्हाला झोप नाही.

आधी त्या पाटाचं सांगतो, कारण तिचं करिअर तिथंच आहे. झाकणं दिसायला सगळी सारखी पण काही एचडीपीईची असतात, काही पीपीची, या प्लास्टिकच्याच दोन जाती, आणि ही दोन्ही वितळून एकत्र ओतली तरी आतून नीट एकजीव होत नाहीत, मग जोर पडला की तिथूनच चीर जाते. बहुतेक तेच झालं असणार. तिला म्हणावं बादलीत पाणी घे, पाण्याच्या बाटलीचा तुकडा आणि झाकणाचा तुकडा दोन्ही बुडवून सोड. बाटली तळाला जाईल, झाकण वर येईल. कारखान्यात पण धुतलेला चुरा असाच पाण्यात वेगळा करतात. पण एचडीपीई आणि पीपी दोन्ही तरंगतात, तिथं पाणी कामाला येत नाही, वस्तूवर छापलेल्या त्रिकोणातला आकडा बघावा लागतो, 2 म्हणजे एचडीपीई, 5 म्हणजे पीपी. हे ओळखणाऱ्या माणसाला पगार मिळतो ताई. आणि हो, घरी गॅसवर वितळवू देऊ नका, चुकून पीव्हीसी, म्हणजे पाइपाचं प्लास्टिक, आलं तर त्याचा धूर फार वाईट.

आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी कुठं येतं, म्हणून घरोघरी बॅरल, घागरी, टाक्या. फुटलेली घागर भंगारवाल्याकडं जाते, तिचा चुरा होतो, धुतात, एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे प्लास्टिक वितळवून दाबून बाहेर काढणाऱ्या मशीनमधून, दाणा काढतात, त्या दाण्यातून घमेली, बादल्या, बसायचे बाक, फरशा होतात, रोजच्या गरजेच्याच वस्तू की. पण कुठल्या मालाचा आहे माहीत नसलेल्या दाण्याची पिण्याच्या पाण्याची घागर करायची नाही म्हणजे नाही, आधी त्यात औषध होतं का केमिकल कुणाला माहीत. मालक म्हणाला स्वस्तात पडतंय तरी नाही म्हणायची हिंमत लागते, आणि ती ज्ञानातनं येते.

शिक्षण म्हणाल तर सीपेट ही प्लास्टिकचं शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था, 1968 पासूनची. आपल्याला छत्रपती संभाजीनगरचं सेंटर बघता येईल. दहावीनंतर तीन वर्षांचे डिप्लोमा आहेत, प्लास्टिक टेक्नॉलॉजी आणि मोल्ड म्हणजे साच्यांची टेक्नॉलॉजी, प्रवेश परीक्षा असते. लांब पाठवायचं नसेल तर इथल्या शासकीय पॉलिटेक्निकला मेकॅनिकल करू दे, साचे आणि मशीनचं काम तिथून पण येतं. मला विचाराल तर सीपेट, कारण उद्या रिसायकलिंग नको वाटलं तरी गाड्यांचे पार्ट, पाइप, पॅकिंग कुठंही नोकरी आहे. मागणी वाढणारच, बाटल्या-डब्यांसारख्या कडक पॅकिंगमध्ये रिसायकल केलेला माल 2025-26 ला 30 टक्के आणि 2028-29 पर्यंत 60 टक्के न्यायचा असं सरकारी नियमातच ठरलंय.

गोड बोलून फसवणार नाही, छोट्या युनिटमध्ये सुरुवातीचा पगार कमी असतो, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये एक्स्ट्रूडरजवळ उभं राहणं म्हणजे काय ते तुम्ही सोलापूरकर आहात, सांगायला नको. बायकांना कचरा निवडायलाच बसवतात बऱ्याच ठिकाणी, म्हणून तिनं मशीन आणि टेस्टिंग शिकूनच आत जावं. जे निवडायला बसतात त्यांचं काम हलकं नाही बरं का, त्यांनी नीट निवडलं नाही तर पुढं सगळाच माल वाया.

पैशाची काळजी लिहिलीत, तर तुमचं विडी कामगाराचं ओळखपत्र शोधून ठेवा. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राची स्कॉलरशिप आहे, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरतात, तारीख चुकवू नका.

रविवारी तिला घेऊन या, आणि तो तडकलेला पाट पिशवीत घालून आणाच. चीर कुठून गेलीय ते मला तिच्याकडूनच ऐकायचंय.