जुन्या गाडीच्या हेडलाइटला १००/९० वॅटचे बल्ब किंवा एलईडी टाकले तर चालतं का?

तुमची २००६ ची वॅगनआर आहे, रात्री कराडहून चिपळूणला उतरताना कुंभार्ली घाटात समोरचं धड दिसत नाही, दुकानदार म्हणतोय १००/९० टाका नाहीतर सरळ एलईडी टाका, आणि तुम्हाला विचारायचंय की टाकू का, पोलीस धरतील का. मी माझ्या जुन्या गाडीला दोन्ही टाकून बघितलेत आणि दोन्ही काढलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी १००/९० चं सांगतो. कंपनीतून येतो तो एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे अप्परला ६० आणि डिप्परला ५५. अप्परवर दोन्ही मिळून साधारण १० अँपिअर करंट जातो. १०० वॅटचे टाकले की तोच १७ च्या आसपास जातो, आणि जुन्या बऱ्याच गाड्यांत हा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या अप्पर-डिप्परच्या स्विचमधून फिरून येतो, वायर तीच, कपलर (बल्बच्या पिनांवर बसणारा वायरचा प्लास्टिकचा जोड) तोच, वर वीस वर्षांचा गंज. माझ्या गाडीत पहिले दोन महिने मस्त उजेड पडला, मी सगळ्यांना सांगत सुटलो की घ्या घ्या, आणि मग एका रात्री प्लास्टिक जळल्याचा वास यायला लागला. बॉनेट उघडून बघतो तर डाव्या बल्बचा कपलर चॉकलेटी होऊन बल्बच्या पिनांना चिकटलेला, ओढला तर अर्धा हातात आला. घाटात नव्हतो म्हणून निभावलं. फ्यूज उडाला नव्हता कारण तो आधीच कुणीतरी मोठा टाकून ठेवलेला, जुन्या गाडीत हेही तपासा.

मग एलईडी टाकले. घरासमोर भिंतीवर बघितलं तर दिवस उगवल्यासारखं वाटलं. रस्त्यावर मात्र समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला मला अप्पर मारत होता आणि मी डिप्परवरच होतो हो! शेवटी मित्राला गाडीत बसवलं आणि स्वतः समोर जाऊन उभा राहिलो, तेव्हा कळलं की लोक शिव्या का घालतायत.

याचं कारण कळायचं असेल तर जुना बल्ब हातात घ्या (काचेला बोट लावू नका, तेलकट डागाने हॅलोजन लवकर जातो). आत दोन फिलामेंट दिसतील, त्यातल्या पुढच्याच्या खाली पत्र्याची नखाएवढी वाटी असते. पुढचं ते डिप्पर. रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर जो उजेड पडला असता तो वर समोरच्याच्या डोळ्यात गेला असता, तो ही वाटी अडवते. रिफ्लेक्टर आणि काच बनवलेली असते ती त्या बारीकशा तारेच्या जागेच्या हिशोबाने. एलईडीत तारेच्या जागी दोन बाजूंना चिप असतात, मध्ये पट्टीची जाडी, काहींत वाटीची नक्कल असते पण मिलिमीटर इकडेतिकडे झालं की फोकस फुटतो. गंमत म्हणजे तुम्हालाही दिसत नाही, बंपरच्या पुढच्या दहा-पंधरा मीटरात लख्ख पांढरं पडतं, डोळा त्याला सरावतो आणि लांबचं वळण आणखीच काळं दिसतं. पावसात, धुक्यात तर विचारू नका, पांढरा पडदा.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी वेगळी करायची नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं, त्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. रस्त्यावर रोज कोण धरतं हा वेगळा विषय. मला जास्त पटतो तो केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ नंबरचा, कारण तो वॅट बघतच नाही. तो म्हणतो दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळा असलेल्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. टेप घ्या, मोजा आणि बायकोला किंवा शेजाऱ्याला तिथे उभं करा, डोळे त्या उंचीला येईपर्यंत थोडं वाकायला सांगा, पाच मिनिटांत निकाल. वर टपावर किंवा बंपरवर सर्चलाइट लावायचा विचार असेल तर नियम १११ मध्ये तोही आरटीओच्या आगाऊ परवानगीशिवाय चालत नाही.

कुणीतरी खाली येऊन म्हणेलच की जर्मनीत एलईडी चालतात. चालतात, २०२० पासून, पण ठरावीक बल्ब ठरावीक मॉडेलच्या ठरावीक हेडलाइटमध्ये, त्याची यादी असते. दुकानातला साडेसातशेचा जोड त्यात बसत नाही.

आता मी शेवटी काय केलं ते. मल्टिमीटर लावला, इंजिन चालू ठेवून बॅटरीवर १४ व्होल्ट आणि बल्बच्या कपलरवर ११.८! मधले व्होल्ट वायर आणि स्विच खाऊन टाकत होते. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज थोडं कमी झालं की उजेड खूप कमी होतो. एका वायरमनकडून रिले किट बसवून घेतलं, मूळ वायर न कापता कपलरला कपलर जोडून, म्हणजे जुना स्विच फक्त इशारा देतो आणि करंट बॅटरीतून फ्यूजमार्गे थेट येतो. अर्थ (अर्थिंगची वायर बॉडीला जिथे जोडतात ती जागा) नीट घासून घेतला. नंतर मोजलं तर १३.४. हिशोबाने उजेड जवळपास दीडपट आणि बल्ब तेच, चांगल्या कंपनीचे नवे ६०/५५. काच पिवळी पडली असेल तर बफिंग करून घ्या, आत रिफ्लेक्टरची चकाकी उडाली असेल तर मात्र अख्खा हेडलाइट बदलायचा, त्याला इलाज नाही. आणि विंडस्क्रीन आतून पुसा, त्यावर जो तेलकट थर असतो त्याने समोरचा उजेड फाकतो, हे फुकटातलं काम आहे आणि कुणी करत नाही.

सगळं झाल्यावर सपाट जागेवर गाडी भिंतीपासून ५ मीटरवर लावून फोकस बघा, डिप्परची आडवी रेघ बल्बच्या उंचीपेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी, डाव्या बाजूला ती थोडी वर चढते, तो बिघाड नाही, आपल्याकडे डावीकडची कडा आणि पादचारी दिसावेत म्हणून तसंच असतं. गणपतीला डिकी भरून निघालात की गाडीचं नाक वर होतं आणि फोकसही, डॅशबोर्डवर लेव्हलची चकती असेल तर ती फिरवा.

बल्ब विकत घ्यायच्या आधी एवढं करा, दोन्ही कपलर काढून आतल्या पिना बघा आणि मल्टिमीटरचे दोन आकडे इथे टाका, मग सांगतो रिले लागेल की नुसता अर्थ साफ करून भागेल.