चालताना छातीत भरून येतं, ब्लॉकेज निघालंय. स्टेंट लगेच बसवायलाच हवा का?

दुखणं जुनं आणि ठरावीक श्रमांनंतरच होत असेल तर सहसा एवढी घाई नसते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' चाचणीत अशाच 5,179 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला औषधांसोबत स्टेंट किंवा बायपास, दुसऱ्याला आधी नुसती औषधं. तीनेक वर्षांत मृत्यू आणि हार्ट अटॅकमध्ये ठोस फरक दिसला नाही. (नळीतला अडथळा काढला की धोका टळला, हे वाटतं तितकं सरळ नाही!) वारंवार दुखणाऱ्यांना आराम मात्र पहिल्या गटात जास्त पडला.

पण डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते, म्हणून रिपोर्टमध्ये ते आधी बघा. बसल्याजागी दुखून घाम फुटला तर मात्र थेट इमर्जन्सी गाठा.