ओट्यावरची चौकशी

प्रश्न : आमचं गाव दिंडोरी तालुक्यात. मी बचतगटाची अध्यक्ष आहे, शिक्षण नववी. शेजारच्या घरातली सून रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसते. तिच्या नवऱ्याची द्राक्षबाग. गेल्या हंगामात अवकाळीनं घड तडकले, तेव्हापासून तो गप्पगप्प असतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अंगणात फेऱ्या मारतो. बागेत जातो आणि काही न करताच परत येतो. सासू म्हणते, बाहेरचं आहे. मी त्याच्याशी दोनदा बोलले, तोही थोडं बोलला. पण गटातल्या बायका म्हणतात, "तू काय डॉक्टर लागून गेलीस? उद्या काही झालं तर तुझ्यावर येईल." थांबू का?
– एक वाचक, जि. नाशिक

उत्तर : ताई, थांबू नका.

मी स्वतः डॉक्टर नाही. सरकारी मनोरुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी नोकरी झाली. गोळ्या डॉक्टर लिहायचे. घरी कोण आहे, भांडण कशावरून, गोळी देणार कोण, हे बघायला मी जायची. सुरुवातीच्या दिवसांत एका मुलीच्या घरी आम्ही रुग्णालयाची जीप घेऊन गेलो. जीपच्या दारावर रुग्णालयाचं नाव ठळक रंगवलेलं. आम्ही चहा पिऊन उठेपर्यंत आळीतली पोरंसोरं जीपभोवती जमली होती. त्या मुलीचं जमत आलेलं लग्न पुढच्या आठवड्यात मोडलं आणि घरच्यांनी औषधं न्यायला येणं बंद केलं. तुमचा ओटा त्या जीपपेक्षा बरा, कारण त्याच्या दारावर काही रंगवलेलं नाही.

आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेत अगदी हाच अनुभव आला. हरारे शहरातल्या म्बारे वस्तीत 2006 साली डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांनी काम सुरू केलं. हाताशी होत्या वस्तीतल्या 14 आज्या. दवाखान्यात खोली मिळेना, म्हणून बाहेर लाकडी बाक टाकला. 'मानसिक आरोग्याचा बाक' म्हटल्यावर कोणी फिरकेना. आज्याच म्हणाल्या, नाव बदला. 'मैत्रीचा बाक' झाल्यावर लोक येऊ लागले. तिकडे शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे, म्हणजे अति विचार करणं. आपल्याकडेही कोणी 'मला नैराश्य आलंय' म्हणत येत नाही. 'डोक्यात विचार लई घोळतात', 'झोप लागेना', 'मनच लागत नाही' असंच म्हणतात. पुढे या बाकाचा रीतसर अभ्यास झाला, तो 2016 मध्ये छापून आला. नेहमीच्या उपचारांपेक्षा बाकावर बसून गेलेल्यांचा त्रास सहा महिन्यांनी बराच कमी निघाला.

लांब कशाला, तुमच्याच जिल्ह्यात 'आत्मीयता' नावानं असं काम झालं. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचं. गावातलीच माणसं तयार केली : काहींनी कोणाला त्रास आहे ते ओळखायचं, काहींनी नेटानं चार-सहा वेळा बसून बोलायचं. सरकारी योजनेचे कागद करायलाही तीच माणसं मदत करायची, आणि मला वाटतं गोम तिथेच आहे. निम्मं दुःख कागदात अडकलेलं असतं.

तेव्हा त्याला 'धीर धर, सगळं ठीक होईल' म्हणू नका. ते त्याला दहा जणांनी सांगून झालंय. डोक्यात काय काय आहे, ते एकेक सांगायला लावा. कृषी सेवा केंद्राची उधारी, बँकेची नोटीस, पंचनाम्यात नाव आलं की नाही, बहिणीचं बाळंतपण, जे असेल ते. मग त्यातलं या आठवड्यात हलेल असं एकच त्यालाच निवडू द्या. समजा उधारी निघाली. दुकानदाराकडे एकट्यानं जायचं म्हटलं की त्याच्या पायात गोळे येत असतील, तर कोणीतरी सोबत जा. पुढच्या आठवड्यात विचारा, गेलास का? नसेल गेला तर रागावू नका, अडलं कुठे तेवढं बघा. हे तुम्ही एकटीनं करू नका. गावात जिभा लांब असतात. त्याचा एखादा जुना मित्र सोबत घ्या, आणि जे ऐकाल ते गटाच्या मीटिंगमध्ये चुकूनही काढू नका.

सासूबाईंशी वाद घालत बसू नका. गुजरातेत मेहसाण्याकडे उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात लोक बाधा उतरवायला येतात. तिथले मुजावरच त्यांना आवारातल्या मनोविकार डॉक्टरकडे पाठवतात. सासूबाईंना म्हणा, देवाला जाऊन या, आणि येताना नाशिकला सिव्हिलमध्ये केसपेपरही काढा.

कारण केसपेपर काढायलाच हवा. इतके दिवस झोप नाही, काम होत नाही, हे नुसतं बोलून भागण्यातलं नाही. आणि एक प्रश्न त्याला सरळ विचारा : "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तसा विचार डोक्यात येत नाही, आलेला असेल तर बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाला, किंवा 'मी नसलो तरी काय अडणार' असं काही बोलला, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तोवर 14416 लावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन आहे, फुकट, रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीत बोलतात. फवारणीची औषधं मात्र त्याच्या उत्तराची वाट न बघता आजच दुसऱ्याच्या शेडमध्ये हलवा, किल्ली त्या शेडवाल्याकडे. बागेला लागतील तेव्हा लागतील तेवढीच आणायची.

'तुझ्यावर येईल' म्हणणाऱ्या बायकांना सांगा, मी औषध देत नाही, मी चौकशी करते. त्यातलीच एखादी पुढच्या महिन्यात तुमच्या ओट्यावर येऊन बसेल, बघा.

आता तुमच्या पत्राबद्दल. नवऱ्याची झोप, नवऱ्याची बाग, सासूचं म्हणणं, सगळं तुम्ही लिहिलंत. रोज संध्याकाळी येऊन बसते ती मात्र सून. तो दोनपर्यंत फेऱ्या मारतो हे तुम्हाला तिनंच सांगितलं ना? म्हणजे तीही दोनपर्यंत जागी असते. आज आली की तिचं विचारा.