आधी ट्रंक उघडा, दगडाचं नंतर बघू

तुमचा प्रश्न असा की गावातले तिघं-चौघं १९८७ ला भारतीय शांतिसेनेतनं श्रीलंकेला गेले, त्यातला एक परत आला नाही, आता त्यांचं स्मारक करायचं म्हटलं तर ते युद्ध बरोबर होतं की चूक यावरच मीटिंगमध्ये भांडणं, मग पाटीवर लिहायचं काय? मी बेळगावच्या खानापूर तालुक्यातला, आमच्याकडं हे सगळं होऊन गेलंय म्हणून सांगालोय, इतिहासाचा मास्तर वगैरे नाही.

आम्ही काय घोळ घातला ते आधी ऐका. मंडळानं पंधरा ऑगस्टला फ्लेक्स लावला, त्यावर माझ्या मामाचा फोटो आणि मागं बर्फाचा डोंगर, टायगर हिल. मामा लंकेला जाऊन आलेला, मराठा लाइट इन्फंट्रीतनं हवालदार म्हणून रिटायर. फ्लेक्ससमोर थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "ह्या डोंगरावर मी कधी गेलो रे? आमच्याकडं तर नारळाची झाडं होती." पोरांचाही दोष नाही म्हणा, कारगिल टीव्हीवर दिसलं, त्यात शत्रू कोण ते सरळ होतं. लंकेचं तसं नाही. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि लंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला, आपली फौज गेली ती तिथलं सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात शांतता राखायला, तमिळांच्या बाजूनं आलीय असं लोकांना वाटत होतं, आणि ऑक्टोबरात आपल्या फौजेचं ऑपरेशन पवन सुरू झालं ते त्याच बंडखोरांतल्या लिट्टे संघटनेविरुद्ध. ११-१२ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरनं उतरवलेली शीख लाइट इन्फंट्रीची जवळपास अख्खी तुकडी मारली गेली. पुढं लंकेत प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी तर आपल्या फौजेला चालतं व्हा म्हणून मुदतच दिली आणि वर लिट्टेला हत्यारंही पुरवली. म्हणजे ज्यांच्यासाठी गेले ते उलटले, ज्यांनी बोलावलं ते हाकलायला लागले. जवळपास बाराशे जवान मारले गेले आपले. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत, मुद्दाम गेले नाहीत. सांगायला अवघड गोष्ट आहे, म्हणून कुणी सांगितलीच नाही.

आता गंमत बघा, कोलंबोजवळ बट्टारामुल्लाला आपल्या जवानांचं स्मारक आहे, नावं कोरलेली, परक्या देशात. दिल्लीत त्यांची नावं दगडावर आली ती राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं तेव्हा, २०१९ ला. ८ महार बटालियनचे मेजर परमेश्वरन यांना परमवीर चक्र मिळालं ते याच लढाईत, पण आमच्या शाळेत विचारा, एकालाही नाव माहीत नसतं.

म्हणून माझं म्हणणं, दगडाची घाई करू नका. आम्ही प्रदर्शनासाठी शाळेची एक खोली मागितली आणि चौघांच्या घरच्या काळ्या ट्रंका उघडल्या. डिस्चार्ज बुक, मेडलं, ग्रुप फोटो, आणि इनलँड पत्रं. पत्रात काय असावं? मी खुशाल आहे, भात लावून झालं काय, म्हशीचं काय झालं, आमच्याकडं कर्फ्यू उठला काय. हा कर्फ्यू म्हणजे ८६ चा, कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन, बेळगावजवळ हिंडलग्याला गोळीबार झाला तेव्हाचा. पुढच्या वर्षी पोरगं तिकडं दुसऱ्यांच्या भाषेच्या भांडणात बंदूक घेऊन उभं आणि इकडं घरचे आपल्या भाषेच्या भांडणात. हे मामालाच वाचून दाखवलं तर नुसता हसला.

नंबर, रँक, पलटण, तारीख हे मात्र घरच्यांच्या आठवणीवर लिहू नका. डिस्चार्ज बुक बघा, आणि जो परत आला नाही त्याचं नाव युद्ध स्मारकाच्या ऑनलाइन यादीत कसं लिहिलंय ते बघा. शब्दाचंही बघा. आमच्याकडं हुतात्मा म्हटलं की लोकांना १७ जानेवारी आठवते, सीमालढा आठवतो, म्हणून आम्ही "वीरगती" लिहिलं. आणि पाटीवर मराठी वर का कन्नड वर यावर दोन मीटिंगा गेल्या, युद्धावर एवढं भांडण झालं नव्हतं ओ! शेवटी एकानं आठवण करून दिली की त्याच पलटणीत कन्नड बोलणारी पोरंही होती, मग दोन्ही भाषा शेजारी-शेजारी, एकाच मापाच्या अक्षरात.

खरी अडचण आली ती प्रदर्शनातल्या एका तक्त्यावर. जाफन्याच्या हॉस्पिटलात २१ ऑक्टोबर १९८७ ला आपल्या फौजेच्या गोळीबारात पेशंट, डॉक्टर, नर्स असे साठ-सत्तर लोक मेले. हे लावायचं का? आमच्यातला एक रिटायर्ड सुभेदार चिडून उठूनच गेला, म्हणाला जवानांचा सत्कार करताय का पंचनामा. मला ते लावायलाच पाहिजे असं वाटत होतं, कारण उद्या एखादं पोरगं मोबाइलवर शोधणारच आणि मग बाकीच्या तक्त्यांवरही त्याचा विश्वास बसणार नाही. मामाला विचारलं. तो बराच वेळ तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "लिवा. पण मी तिथं नव्हतो, हे बी लिवा." तसंच लिहिलं, आमच्या गावातला कोण कधी कुठं होता ते प्रत्येकाच्या नावाखाली. सुभेदार दोन दिवसांनी आला, तक्ता वाचला, काही बोलला नाही, आपला फोटो मात्र परत नेला नाही.

रेकॉर्डिंग करायचं तर मोबाइल चालतो, संध्याकाळी जेवणानंतर बसा, पोरांना आधीच सांगून ठेवा की "किती मारले" हे विचारायचं नाही. चहा कसा मिळायचा, पाणी कुठलं, बुटात जळवा शिरायच्या काय, असलं विचारा, मग माणूस आपोआप पुढचं सांगतो. बायकांनाही विचारा. मामीला तर तो लंकेत आहे हे पहिल्यांदा कळलं ते गावात दुसऱ्याच्या पत्रातनं.

कार्यक्रम आम्ही २४ मार्चला, शेवटची तुकडी परतली त्या तारखेला केला, पंधरा ऑगस्टला भाषणं करणारे फार असतात. दगड अजून बसवला नाही, पंचायतीचा ठराव व्हायचाय.

आणि ट्रंक उघडताना घरच्या बाईमाणसाला शेजारी बसवा. मामाच्या ट्रंकेत तळाला एक बंद पाकीट निघालं, मामीनं हातातनं घेतलं आणि परत खाली ठेवलं. प्रदर्शनाला ट्रंक नेली तेव्हाही ते तसंच आत होतं, वर एक जुनी गंजी टाकून.