ग्रामसभेत मुद्दा पटवायला जुनं वक्तृत्वशास्त्र कामी येतं का?

येतं. लातूरकडच्या तुमच्या गावात मार्चपासूनच टँकर हवा, हे ग्रामसभेला कसं पटवायचं, असं विचारलंय; तेच उदाहरण घेऊ.

अ‍ॅरिस्टॉटलने पटवण्याचे तीन मार्ग सांगितले: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. पत एका भाषणात तयार होत नाही, ते सोडा. भावनेवर आपण जरा जास्तच विसंबतो. 'आयाबहिणींची वणवण' ऐकून सगळे माना डोलावतात नि घरी जातात.

मेहनत युक्तिवादावर घ्या. न्यायदर्शनातली, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातली, पाच अंगं इथं चपखल बसतात: प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते आपल्याला लागू करणं), निगमन (निष्कर्ष). "मार्चपासून टँकर लागेल. कारण विहिरींनी फेब्रुवारीतच तळ गाठलाय. असा तळ लवकर दिसला की एप्रिल निघत नाही, मागं वरच्या वस्तीवर तेच झालं. आपल्या विहिरींची आज तीच गत आहे. म्हणून मार्च." यातलं उदाहरण गावानं डोळ्यांनी पाहिलेलंच हवं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, हे सांगाल तर "ते शहराचं झालं" म्हणून कुणीतरी उडवून लावेल.

आणि पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचा आक्षेप, विसरू नका. "टँकर लावला की नळयोजना रखडेल" असं कुणीतरी म्हणणारच. तो आक्षेप त्याच्याहून चांगल्या शब्दांत तुम्हीच मांडा, मग खोडा. रोमन वक्ते खंडन सहसा शेवटाकडे ठेवायचे. मी सुरुवातीलाच उरकेन, कारण एकदा गलका सुरू झाला की कोण कुणाचं ऐकतं! ठरावाचा मसुदा मात्र लिहूनच न्या.